बोरमळ्याचा मुरूम

रविवार, १२ एप्रिल १९७०

काल नगरपालिकेच्या सभेत बोरमळा मैदानाचा ठराव एकदाचा मंजूर झाला. मैदान समितीचा चिटणीस या नात्याने मी हा अर्ज नऊ वेळा लिहिला होता. नवव्या वेळी मजकुरात फक्त तारीख बदलली होती. तेव्हा यश मजकुराचे नव्हे.

संबंध मैदानावर मुरूम, दोन्ही अंगांना पाणी निघून जाण्यासाठी चर आणि पश्चिमेला पाच पायऱ्यांची दगडी गॅलरी, एवढे काम होणार. ते करून देणार आहेत कापसाचे व्यापारी रिखबचंद शेठ, त्यांच्या आई धापूबाई यांच्या स्मरणार्थ. पंधरा ऑगस्टला उद्घाटन आणि त्याच दिवशी भुसावळच्या रेल्वे संघाशी आमच्या गिरणी संघाचा सामना. गेली सहा वर्षे रेल्वेवाले धुळ्याला यायला नकार देत होते. त्यांच्या शेवटच्या पत्रात आमच्या मैदानाला ‘म्हशींचा डोह’ म्हटले होते. पत्र मी जपून ठेवले आहे.

शेठजींनी एकच अट घातली. “सर, चौमासा लागला की तिथे खोदाखोदी नको, रोलर नको. पावसात मातीत जीव फार असतात. आईच्या नावाचं काम आहे.” मी म्हटले, “शब्द देतो.” चातुर्मास जुलैच्या मध्याला लागतो, तोवर काम उरकेलच.

घरी येताना मनाला विचारले: गावाला मैदान मिळाले याचा आनंद आहे, की माझा अर्ज मंजूर झाला याचा? दोन्हींचा आहे. दुसऱ्याचा थोडा जास्त असावा. लिहून ठेवतो.

रविवार, २६ एप्रिल

उद्घाटनाच्या स्मरणिकेसाठी मैदानाचा इतिहास लिहायला घेतला आहे. वाटले होते त्याहून अवघड काम. पूर्वी इथे कापसाच्या गाड्या सुटत, हे सगळे सांगतात. गोलचे पहिले खांब एका पोलीस अधिकाऱ्याने रोवले, हेही सांगतात. पण १९३४ साली की १९३५ साली, हे कोणी सांगत नाही. गणिताच्या मास्तराने ‘सुमारे’ लिहावे का? दोन रात्री याच विचारात गेल्या. शेवटी ‘१९३४-३५’ लिहिले. तेही पळवाटच.

सुधारणांचा तक्ता असा झाला: लाकडी खांबांच्या जागी लोखंडी, १९५२. पाण्याचा नळ, १९५८. काटेरी तारेचे कुंपण, १९६३ (१९६५ मध्ये चोरीस गेले). त्यानंतर थेट आजचे काम.

गिरणी संघाचा कप्तान कौतिक संध्याकाळी आला होता. कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतो, वय चाळिशीकडे झुकलेले, तरी उजव्या बाजूने धावू लागला की मागच्याला त्याची पाठच दिसते. अनवाणी खेळतो. त्यांचा सगळा संघच अनवाणी. त्याला विचारले, तुला आणखी कोणती सुधारणा आठवते?

बराच विचार करून म्हणाला, “आमी दरसाल खळं करतस ना, सर. सत्तेचाळीसपाईन.”

मी त्याला समजावले की ती सुधारणा नव्हे, देखभाल. देखभाल इतिहासात येत नाही. त्याने मान डोलावली. चहा मात्र अर्धा ठेवून गेला. माझी पत्नी इंदिरा म्हणाली, चहात साखर कमी पडली असेल.

शनिवार, ९ मे

आज फार मनस्ताप झाला.

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गिरणीचे खेळाडू गावाकडचे बैल घेऊन मैदानावर येतात, ही त्यांची जुनी चाल. उन्हाने काळी माती हातभर फाटलेली असते. ते त्या भेगांत पाणी सोडतात, दोन्ही गोलच्या पुढे आणि मधोमध बैल गोल गोल फिरवतात, भुसा पसरतात, पुन्हा तुडवतात आणि वरून शेणकाला देतात. शेतात मळणीसाठी करतात तसे खळे. आठवड्याने जमीन पाटासारखी गुळगुळीत होते. पावसात मधे मधे फुटते, मग हेच लोक पाळी संपवून येऊन पायांनी तुडवून डागडुजी करतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या मैदानाला शेण सारवायचे आणि भुसावळकरांना त्यावर खेळायला बोलवायचे?

मी सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. कौतिक, गोलरक्षक रुपचंद आणि आणखी आठ-दहा जण, चार बैलजोड्या. बाया पाण्याचे हंडे घेऊन आलेल्या. मी सांगितले, यंदा नको, मुरूम येणार आहे, खळे त्याखाली गाडले जाईल.

रुपचंद हसला. “बैल गावथून उनात सर, त्यासले काय सांगू? चिटणीस नही म्हनतस?”

सगळे हसले. मलाही हसू आले, पण मी दाबले.

कौतिकने खाली बसून मातीचे ढेकूळ उचलले आणि बोटांत चुरले. “मुरूम कितला बारीक ऱ्हाई, सर?”

मी त्याला तीन थरांची योजना सांगितली. खाली जाड मुरूम, त्यावर मध्यम, सगळ्यात वर चाळलेला बारीक मुरूम लाल माती मिसळून. पहिल्या दोन पावसांनंतर ओला असतानाच रोलर फिरवायचा. पुस्तकात तसेच आहे.

“वरला थर बठ्ठासमा महत्त्वाचा,” तो म्हणाला.

मी म्हटले, तिन्ही थर सारखेच महत्त्वाचे.

तो उठला, आपले पाय एकमेकांवर घासून धूळ झटकली आणि बैल परत फिरवले. बायांनी हंडे तिथेच उपडे केले. परक्या जागी पाणी ओतल्यासारखे ते सगळे वागत होते, हे मला लागले. नवे काही करायचे म्हटले की आपल्याकडे माणसे अशी हिरमुसतात. तरीही माझे बोलणे जरा कोरडे होते का? असेल.

रविवार, २४ मे

मुरूम आला. साक्री रस्त्याच्या टेकडीवरचा, पिवळसर तांबडा. पहिला ट्रक रिकामा होताना मी उगीचच टोपी काढली. कंत्राटदार जीवराम म्हणाला, “सर, देवळाचा पाया नाही, मुरूमच आहे.” या माणसाची जीभ तिखट आहे, कामाला कसा, ते पाहू.

इंदिरा डबा घेऊन आली होती. चप्पल हातात घेऊन मुरमावरून चालून पाहिले. “टोचतो हो.”

सांगितले, हा खालचा थर आहे.

गुरुवार, ११ जून

रोलर मिळत नाही. तो पालिकेच्या दुसऱ्या रस्त्यावर आहे आणि तो रस्ता संपत नाही. मी रोज शाळेआधी जाऊन पाहतो. आज रोलरच्या ड्रायव्हरनेच मला विचारले, “तुमची बदली इकडे झाली का?”

गॅलरीचे काम मात्र झपाट्याने चालले आहे. शिलालेखाचा दगड तयार आहे. ‘धापूबाई’ची अक्षरे बाकी मजकुराच्या दुप्पट आहेत. सार्वजनिक जागी एवढी मोठी असावीत का, असा प्रश्न पडला. शेठजींना कळवावे का? चार दिवस विचार करून नाही कळवले. देणाऱ्याचा मान. की माझा भित्रेपणा?

गुरुवार, २ जुलै

जाड थर पसरून दाबून झाला. मध्यम थर अर्ध्या मैदानावर पडला आहे. बारीक मुरूम चाळून दक्षिणेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवला आहे, पण पाऊस आता कुठे पडू लागला आणि ओलाव्याशिवाय तो बसत नाही. जीवरामचे म्हणणे, पुरते काम व्हायला अजून चार आठवडे हवेत.

चातुर्मास लागायला उरले पंधरा दिवस.

रात्री जेवताना इंदिराला सांगितले. ती म्हणाली, “मग शेटजींनाच विचारा. गल्लीच्या तोंडाशी तर दुकान आहे.”

“विचारायचं कसं? विचारलं म्हणजे त्यांना भिडेत पाडल्यासारखं होईल. ते धर्माला बांधलेले आणि मी शब्दाला.”

“आणि पोरं कशाला बांधलेली?” असे म्हणून ती ताक आणायला आत गेली.

तिचा प्रश्न मला नीट कळला नाही. खेळाडूंवर कोणतेच बंधन नाही. त्यांना फक्त खेळायचे आहे.

गुरुवार, १६ जुलै

आज काम थांबवले. उद्यापासून चातुर्मास. मध्यम थर पाऊण मैदानावर आला. गोलच्या पुढचा भाग आणि उत्तरेची बाजू यांवर जाड मुरूम तसाच उघडा आहे. बारीक ढिगाला हातही लागला नाही.

दुपारी कौतिक पाळी संपवून थेट आला. कानात कापसाचे तंतू अडकलेले. सोबत रुपचंद.

“सर, रोलर नको. खोदानं बी नको. आमी सोळा जन शेत. पाट्या लिसन तो बारीक मुरूम गोलपुढे टाकी देतस. पायखाल तुडवी देतस. दोन दिनमां काम व्हई जाई.”

मी म्हटले, “मी शब्द दिला आहे.”

“शब्द रोलरना व्हता ना, सर?”

शब्दशः पाहिले तर त्याचे म्हणणे बरोबर होते. पण शब्दातून अशी फट शोधून निसटणे मला पटेना. शेठजींचा हेतू जीव चिरडू नयेत हा होता. सोळा माणसे पायांनी तुडवणार म्हणजे तेच झाले. मी हे सगळे त्याला सविस्तर सांगितले.

रुपचंद म्हणाला, “मंग फुटबॉल खेळतांना आमी काय उडत जासूत का?”

कौतिकने त्याला कोपर मारले. जाताना मला म्हणाला, “तुमी खरा मानूस शेत, सर. आते त्याले काय करानं.”

हे वाक्य मला दिवसभर पुरले. मला बरे वाटले, हे मान्य करतो. मोह टाळला की मन हलके होते. शेवटचा अर्धा भाग तो का बोलला, ते कळले नाही.

रविवार, २६ जुलै

नव्या मैदानावर पहिला सराव. दोन दिवस पाऊस होता, तरी कुठे पाणी साचले नव्हते! चर उत्तम चालतात. मी छत्री मिटून गॅलरीच्या पाचव्या पायरीवर बसलो आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

खेळ मात्र निराशाजनक झाला. दोन महिने सराव नाही, त्याचा परिणाम. सगळे जण जपून, आखडून, विस्तवावरून चालल्यासारखे धावत होते. कौतिक एकदाही बाजूने सुटला नाही. रुपचंद गोलमध्ये उभ्या उभ्याच चेंडू अडवत होता. खाली झेप घेण्याचे त्याचे कौशल्य प्रसिद्ध, पण आज एकदाही पडला नाही. मी ओरडलो, “रुपचंद, झेप घे!” त्याने माझ्याकडे पाहिले, मग खाली मुरमाकडे पाहिले आणि पुन्हा उभा राहिला. आळस माणसाला किती लवकर चढतो.

वीस मिनिटांत सगळे बाहेर येऊन बसले. पाय पोटाशी घेऊन तळवे पाहत होते. एक जण दुसऱ्याच्या तळव्यातला खडा काढत होता. सुरुवातीला थोडा त्रास होणारच. तळवे निबर होतील.

उद्या सामान्य गणिताच्या वह्या तपासायच्या आहेत. मन लागत नाही.

शनिवार, ८ ऑगस्ट

मागच्या आठवड्यात सरावाला सात जण आले, परवा पाच. गिरणीत तिसरी पाळी सुरू झाली आहे, त्यामुळे असेल. कौतिकला विचारले. तो म्हणाला, “पाळी शे सर, आनि पाय बी शेतस.”

तेव्हा मी समितीची बैठक बोलावली आणि संघासाठी बूट मंजूर करून घेतले. एका आठवड्यात सोळा जोड्या! असे काम मी आयुष्यात केले नव्हते. आज ते वाटले. वाटताना मला आनंद होत होता, पण थोड्याच वेळात तो मावळला. या लोकांचे पाय आपल्यासारखे नाहीत. जन्मभर अनवाणी चाललेले. बोटे पंख्यासारखी पसरलेली. लांबीला बसणारा बूट रुंदीला बसत नाही आणि रुंदीला बसणारा पुढे चार बोटे रिकामा.

रुपचंद बूट घालून चार पावले चालला आणि म्हणाला, “सर, आठे मन्हा पाय भाडेकरू शे. मालक कव्हय हाकली दी, नेम नही.”

खूप हसलो सगळे. कौतिक हसला नाही. बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होता आणि सोडत होता. मी त्याला गाठ मारायला शिकवली. त्याच्या डाव्या तळव्याला फडके गुंडाळलेले होते. विचारले तर म्हणाला, “काही नही.”

विचारून झाले म्हणजे माझे कर्तव्य झाले का? हाही एक प्रश्न. पण आता सात दिवस राहिले आहेत आणि पाहुण्यांच्या खुर्च्या अजून ठरलेल्या नाहीत.

शनिवार, १५ ऑगस्ट

झाले.

क्रमाने लिहितो. सकाळी झेंडावंदन. दुपारी साडेतीनला शेठजींच्या हस्ते शिलालेखाचे अनावरण. माझा इतिहास छापील स्वरूपात वाटला. १९३४-३५ बद्दल कोणीच विचारले नाही. गॅलरी भरून माणसे कुंपणाच्या जागी उभी होती. गिरणीच्या चाळींतून बाया-पोरे आलेली. एवढी माणसे या मैदानावर मी कधी पाहिली नव्हती. चाळीसगावच्या गाडीने रेल्वे संघ आला. त्यांच्या कप्तानाने पायाने मुरूम दाबून पाहिला, बुटाचे खिळे त्यात रुतवले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, “साहेब, फर्स्ट क्लास ग्राउंड. आमच्याकडे असं नाही.” सहा वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच.

मध्यंतरापर्यंत चार गोल झाले, चारही आमच्यावर. आमची माणसे बुटांत अडखळत होती. चेंडू पायाला लागला की कुठे जाईल याचा त्यांनाच भरवसा नव्हता. प्रेक्षक आधी ओरडले, मग हसले, मग गप्प झाले. गप्प झाले तेव्हा मला जास्त लाज वाटली.

मध्यंतरात मी त्यांच्याकडे गेलो. कौतिक बूट काढत होता. त्याचे पाहून बाकीच्यांनीही काढले. सोळा जोड्या गॅलरीच्या पायरीवर नीट ओळीने लावून ठेवल्या. मी म्हटले, “अरे, मुरूम टोचेल.”

कौतिक म्हणाला, “मालूम शे, सर.”

पुढची वीस मिनिटे त्यांनी जो खेळ केला तो मी विसरणार नाही. कौतिक उजव्या बाजूने दोनदा सुटला. दुसऱ्या वेळी गोल केला. चाळींतल्या लोकांनी टोप्या उडवल्या. मग रेल्वेचा एक जण एकटा चेंडू घेऊन आला आणि रुपचंदने त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू अडवला. उठला तेव्हा त्याच्या उजव्या मांडीची नि कोपराची सगळी साल निघालेली होती, आणि जखमेत मुरूम बसलेला. गोलच्या पुढे जाड थर उघडा आहे, तिथेच. त्याला उचलून नेले. त्याच्या जागी उभे राहायला कोणी पुढे होईना. नंतर गोल किती झाले ते मी मोजले नाही. मोजायला हवे होते, अहवालात लागतील.

शेवटची शिट्टी झाल्यावर आमचे खेळाडू मैदानातून बाहेर आले ते टाचांवर चालत. कोणी माझ्याशी बोलले नाही. रागावून नव्हे, पायाकडे पाहून चालत होते म्हणून. मी मात्र रागावलो होतो: पावसावर, रोलरवर, जीवरामवर, चातुर्मासावर आणि, लिहितोच, शेठजींवर. त्यांची ती अट नसती तर वरचा थर पडला असता.

नगराध्यक्ष जाताना म्हणाले, “सामना हरलो, पण मैदान जिंकलं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

रविवार, ३० ऑगस्ट

सरावाला कोणी येत नाही. मी पंधरा दिवस रोज गेलो. आज मैदानावर दोन शेळ्या आणि मी. पाणी कुठेही साचलेले नाही.

समितीने माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. चिटणीस या नात्याने तो मलाच लिहून काढावा लागला.

रुपचंदला चाळीत भेटून आलो. जखमा भरत आल्या आहेत. त्याच्या बायकोने, बेबाबाईने, दारातच विचारले, “आते काय नवीन करी राहिनात, सर?” आवाजात तिखटपणा नव्हता. मी चपला काढून आत गेलो. आत रुपचंद म्हणाला, “मी पोऱ्या व्हतू तव्हयपाईन ती गोलपुढली जागा तयार करी. तेवीस वरीस. त्या जागेवर पडो तं आईना मांडीवर पडनू आसं वाटे.” मग स्वतःच संकोचून हसला.

रविवार, ६ सप्टेंबर

रिखबचंद शेठ सकाळीच घरी आले. पांढरे धोतर, उपासाने चेहरा उतरलेला. पर्युषण काल संपले. दारातच हात जोडून म्हणाले, “खमतखामणा, सर. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफी मागतो.” दरवर्षी येतात, अडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांकडे जातात. दरवर्षी मी ‘छे छे’ म्हणतो आणि इंदिरा पाणी देते. ते उकळलेले पाणी पितात, म्हणून ती आधीच उकळून ठेवते.

यंदा ‘छे छे’ तोंडातून निघाले नाही. तीन आठवडे मी या माणसावर मनातल्या मनात रागावलो होतो. तो माफी मागतो आहे आणि मी गप्प राहून ती घेतो आहे, हे खोटे होते. म्हणून सांगून टाकले: तुमच्या अटीमुळे वरचा थर राहिला, मुले रक्तबंबाळ झाली, मला तुमचा राग आला होता, मीच माफी मागतो.

त्यांनी भांडे खाली ठेवले. “राहिला म्हणजे? काम पुरं नाही झालं?”

“चातुर्मास लागला. तुम्ही म्हणाला होतात.”

“सर, मी म्हटलं होतं खोदू नका, रोलर फिरवू नका. माणसांनी हातानं माती पसरायला कोण नाही म्हणतो? त्याच मैदानावर तुम्ही सामना ठेवला, मी नारळ फोडला. आणि एवढी अडचण होती तर,” ते थांबले, “माझं दुकान या गल्लीच्या तोंडाशी आहे. दिवसातून दोनदा तुम्ही समोरून जाता. विचारलं का नाही?”

“तुम्हाला भीड पडेल म्हणून.”

“जीवदया मी मुंग्यांची सांगितली होती. माणसांचे पाय त्यात येत नाहीत, असं कधी सांगितलं?”

ते रागाने बोलले नाहीत. उलट पुन्हा हात जोडले आणि पुढच्या घरी गेले. इंदिरा भांडे उचलायला आली. ती ‘मी सांगितलं होतं’ असे काही म्हणेल, याची मी वाट पाहिली. ती भांडे घेऊन आत गेली.

मी सोळा जुलैचे पान काढून वाचले. ‘मोह टाळला की मन हलके होते’ असे लिहिले आहे. ते खोडायला पेन उचलले, पण खोडले नाही. असू दे.

मंगळवार, ८ सप्टेंबर

जीवरामला घेऊन मैदानावर गेलो. बारीक मुरमाचा ढीग पावसाने वाहून गेला आहे. बराचसा माझ्याच चरांत जाऊन बसला आहे. उरलेला घट्ट गोळा झाला आहे. जीवराम म्हणाला, “आता दिवाळीनंतर पाहू. नवा अर्ज करा.” दहावा.

रविवार, २० सप्टेंबर

सकाळी शाळेचा शिपाई पंडित सहज म्हणाला, गिरणीवाले हल्ली नकाण्याच्या रस्त्याला खेळतात. संध्याकाळी सायकल काढली.

कौतिकच्या मेव्हण्याचे पडीक शेत आहे. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला नाला, जमीन नाल्याकडे उतरती. गोलचे खांब म्हणजे बांबू. गोलपुढे दोन्हीकडे जमीन काळीभोर, गुळगुळीत. शेणाचा वास अजून ताजा. मधल्या उघडिपीत त्यांनी बैल फिरवले असणार. कडेला दोन बैल बांधलेले होतेच. एक बैल खेळाकडे पाहत रवंथ करत होता.

ते खेळत होते. मी बाभळीखाली सायकल टेकवून उभा राहिलो. रुपचंद उगीचच झेप घेत होता. जिथे उभ्याने चेंडू अडवता आला असता तिथेही. पडायचा, उठायचा, हसायचा. कौतिक नाल्याच्या बाजूने उतारावर असा सुटला की मी ‘अरे!’ म्हणून ओरडलो. तेव्हा त्यांना मी दिसलो.

खेळ थांबला. कौतिक धापा टाकत आला. “या, सर.” कोणीतरी घोंगडी पसरली. बेबाबाईने लोट्यातून पाणी दिले. मी शेठजींचे बोलणे त्यांना सांगितले, जसेच्या तसे. ‘चूक माझी होती’ हे तीन शब्द तोंडातून काढायला मला सगळे पाणी संपवावे लागले. रुपचंदने मांडीवरची खपली खाजवली आणि म्हणाला, “व्हई गयं, सर.”

मग मी म्हटले, दिवाळीनंतर बोरमळ्यावर वरचा थर टाकू, तुम्ही परत या. कौतिक नुसता ‘हा’ म्हणाला. ‘येतो’ म्हणाला नाही.

बसल्या बसल्या माझी नजर जमिनीवर फिरत होती. नाल्याकडचा कोपरा मोठ्या पावसात वाहून जाणार, हे दिसत होते. तिथे वीसेक हात लांबीचा दगडी बांध घातला आणि वरच्या अंगाने एक चर काढला, तर काम भागले असते. मी बोट दाखवून म्हटले, “कौतिक, त्या कोपऱ्यात जर—”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. माझे पुढे केलेले बोट त्याने आपल्या मुठीत घेतले, एखाद्या घरच्या माणसाचे धरावे तसे, आणि खाली ठेवले.

“सर,” तो म्हणाला, “आठे तुमी काही करू नका. बसा. खेय देखा.”

अंधार पडायच्या आत त्यांनी आणखी अर्धा तास खेळ केला. मी बसून पाहिला. निघताना सगळे पुढे गेल्यावर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत पावलांनी चालून आलो. सवय जात नाही. मैदान नियमाच्या लांबीला नऊ पावले कमी भरते.

हे मी कोणाला सांगितलेले नाही.